उन्हात न विटणारा दगड

१

ओलावो बोर्दिन घरी आला नाही याचं त्याच्या बायकोला नवल वाटलं नाही. मोठी ऑर्डर असली की तो कारखान्यातच पथारी टाकायचा. सकाळी झुल्मिराबाई नेहमीसारखी भोपळ्याच्या तुंबडीत माते, म्हणजे कडू पानांचा चहा, भरून, बगलेत गरम पाण्याचा थर्मास मारून निघाली, करवतखान्याचं दार ढकललं, आणि थर्मास तिच्या हातून सुटला. ओलावो करवतीच्या पायाशी उताणा पडला होता. लोखंडी रुळाच्या कोपऱ्यावर डोकं आपटून फुटलं होतं आणि खालचं रक्त वाळून काळं पडलं होतं. करवत बंद होती, दिवा मात्र जळत राहिला होता.

सोलेदादे गावात दगडाशी संबंध नाही असं घर सापडणं कठीण. खाणीतून अकीकाचे गोटे येतात, इथे त्यांच्या चकत्या पडतात, रंगवल्या जातात, घासून चमकवल्या जातात, आणि जगभरातल्या लोकांच्या दिवाणखान्यांत जाऊन बसतात. हमरस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाच्या काचेत गुलाबी, जांभळ्या, निळ्या चकत्यांच्या रांगा. गावची पोलीस अधिकारी नोएली वायरिश हीही दगडाचे ट्रक चालवणाऱ्या बापाची मुलगी. त्यामुळे करवतखान्यात शिरल्यावर तेलाच्या वासानं तिला मळमळलं नाही. पण ओलावोचे उघडे डोळे बघून तिनं आधी ते मिटले, मग कामाला लागली.

खूण शोधावी लागलीच नाही. करवतखान्याच्या खिडकीच्या चौकटीवर, बाहेरच्या बाजूनं, पुऱ्या पंजाचा जांभळा ठसा होता. अख्ख्या कारखान्यात मनगटापर्यंत जांभळे हात एकाच माणसाचे, रंगारी झुवेनालचे. शिवाय आदल्या दिवशी दुपारी भर अंगणात तो मालकाशी भांडला होता. हा दगड मी रंगवणार नाही, दुसरा रंगारी बघ, असं त्यानं तोंडावर सांगितलं होतं आणि ओलावोनं त्याला त्याच पावली हाकललं होतं. इतकं सगळं समोर असताना आणखी काय हवं? जेवणवेळेच्या आत नोएलीनं झुवेनालला त्याच्या स्वयंपाकघरातून उठवून आणलं. त्याची बायको दारात पळी हातात धरून उभीच राहिली.

चौकीत त्याला खिडकीवरचा ठसा कुणाचा म्हणून विचारलं, तर त्यानं आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि माझाच म्हणाला. तिथे कशाला गेला होतास, असं तिनं विचारलं.

"करवत चालू होती," तो म्हणाला. "ऐकली, आणि घरी गेलो."

त्यानंतर त्यानं जे तोंड मिटलं ते मिटलं. बायकोनं रडून सांगितलं, वकिलानं समजावलं, नोएलीनं दरडावलं. सोमवारी त्याला मोठ्या तुरुंगात हलवायचं ठरलं. झुवेनालचं वय आणि त्याची आम्लाच्या वाफेनं जळालेली छाती बघता तिथून तो परत येईल असं कुणालाच वाटत नव्हतं.

२

नोएलीला झोप लागेना असं काही झालं नाही; ती चांगली झोपली. खटकलं ते सकाळी, ओलावोचे कपडे पिशवीत भरताना. पांढरा सदरा, आणि त्याच्या बाह्या स्वच्छ. नखंही स्वच्छ. आता अकीक कापणारी करवत तेलात बुडून फिरते. त्या करवतीत दगड घट्ट धरणाऱ्या शिकंज्यातून दगड काढायचा आणि हात कोरडे ठेवायचे, हे देवालाही जमणार नाही. शिकंजा तर रिकामा होता. मग दगड काढला कुणी?

ती परत करवतखान्यात गेली. या वेळी ती घाई न करता गुडघ्यांवर बसली आणि जमीन बघितली. करवतीपासून दारापर्यंत तेलाचे थेंब एका रांगेत पडले होते. त्यांतले दोन थेंब वाळलेल्या रक्तावर होते. रक्त ओलं असताना पडले असते तर मिसळले असते, पसरले असते. हे मणी ठेवावेत तसे वरच्यावर बसले होते. म्हणजे ओलावो पडला, रक्त वाळलं, आणि त्यानंतर कुणीतरी तेलानं निथळणारी वस्तू घेऊन त्याला ओलांडून बाहेर गेलं. घाबरून पळालेल्या माणसाचं हे काम नव्हतं.

टेबलावर एक मोठा गोटा अर्धवट कापून ठेवला होता. चार चकत्या ओळीनं मांडलेल्या, आणि शेवटी उरलेला अर्धा गोटा. दगड पाहून नोएली थबकली. असा दगड वर्षानुवर्षांत एखादाच येतो. काठाला निळसर राखाडी, आत दुधी कडी, आणि त्याच्या आत मधाच्या रंगाचं वलय, सगळं दगडाचं स्वतःचं. रंगाऱ्याचा हात लागलेला नाही. तिनं शेवटची चकती उचलून उरलेल्या गोट्याच्या तोंडाला लावली. एका कापाची दोन तोंडं आरशासारखी एकमेकांना जुळतात, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. ही जुळेनात. चकतीवरचं मधलं वलय बोराएवढं, गोट्यावरचं लिंबाएवढं. मधली एक चकती गायब होती, दगडाच्या ऐन काळजातली.

झुल्मिराबाई दाराशी काळ्या कपड्यांत उभी होती. आत पाऊल टाकायला ती तयार नव्हती. हा दगड कुठून आला असं विचारलं तेव्हा तिनं दाराबाहेरच्या भिंतीवरच्या एका फळीकडे बोट दाखवलं. फळीवर खडूनं फुली मारलेले दोन गोटे होते आणि तिसऱ्या जागी धुळीत नुसता गोल उमटला होता.

तिच्या सासऱ्यापासून चालत आलेली ती रीत होती. जन्मभर कारखान्यात घालवलेल्या माणसानं ढिगातून एक दगड स्वतःसाठी निवडायचा, त्यावर फुली मारायची आणि फळीवर ठेवायचा. पोर झालं, लग्न निघालं, नाहीतर कुणी गेलं, की तो स्वतः कापायचा. तोवर मालकानंसुद्धा त्याला हात लावायचा नाही. कुठला कुणाचा हे ज्याचं त्याला ठाऊक; विचारणं वाईट दिसे.

"ओलावोनं रीत मोडली," ती म्हणाली. "परदेशातल्या गिऱ्हाइकाला मोठ्या गुलाबी चकत्या हव्या होत्या. एवढा मोठा गोटा ढिगात नव्हता. मी नको म्हणाले होते, बाईसाहेब. माझं कधी ऐकलंय त्यानं?"

फळीवर कुणाकुणाचे दगड आहेत? तर तिच्या माहितीत तिघांचे. रंगारी झुवेनाल, करवतीवरचा आर्नो, आणि पुतण्या रुदिनेईला त्याच्या बापाकडून आलेला. नोएलीनं मनाशी म्हटलं, झालं, झुवेनालच्या गळ्यातला फास आणखी आवळला. दगड त्याचाच असणार, म्हणून तर रंगवायला नाही म्हणाला. पण मग तो खुनानंतर करवतीशी उभा राहून काय करत होता?

३

शनिवारी मृतांचा दिवस होता. त्याआधी थडगी धुवायची, चुना द्यायचा, हा सगळ्या गावाचा शिरस्ता. नोएली आईला घेऊन बापाच्या थडग्यावर गेली. आई चुना फासत होती आणि फासता फासता नवऱ्याशी भांडतही होती, जिवंतपणी करायची तसं. नोएली पाणी आणायला नळावर निघाली, तर वाटेत आर्नोच्या पोराचं थडगं लागलं. एलॉय काप्पाउन. तिच्याच शाळेतला, दोन वर्गांनी मागे. दगड चमकवायच्या यंत्रावर, घासणीवर, काम करायचा. घासणीवर पाणी सोडणारा पंप बिघडल्यावर ओलावोनं तो दुरुस्तच केला नाही, आणि कोरड्या दगडाची पूड श्वासाबरोबर एलॉयच्या छातीत जाऊन बसली. शेवटी शेवटी तो पलंगावरून खिडकीपर्यंत चालला तरी धापा टाकायचा. थडग्याच्या माथ्याशी एक चकती बसवलेली होती, राखेच्या रंगाची, मेलेली. नोएलीनं ओंजळभर पाणी तिच्यावर ओतलं. तिला वाईट वाटलं, एवढंच. मग आईनं हाक मारली.

तिथूनच ती आर्नोकडे गेली. आर्नो म्हणजे झुवेनालचा कोंपाद्रे. झुवेनालनं एलॉयला बाप्तिस्म्याला मांडीवर घेतलेलं, त्यामुळे दोघांचं नातं भावापेक्षा वरचं. म्हातारा अंगणात बसला होता. त्यानं तुंबडी भरली, पहिला घोट रिवाजाप्रमाणे स्वतः घेतला आणि मग तिच्या हातात दिली. तुंबडी घेताना तिला त्याची नखं दिसली. नखांच्या कडेला पांढरी पूड बसलेली. दगडात काम करणाऱ्यांचे हात असेच असतात.

लहानपणी या माणसानं तिला दगडांचे तुकडे खेळायला दिले होते. तिनं विचारलं, काका, त्या दिवशी तुम्ही कुठे होता? तो म्हणाला, दिवसभर मागच्या आवारात ट्रक भरत होतो, करवतीकडे फिरकलोसुद्धा नाही. भोंगा झाला, सुटी झाली. अंगणातलं भांडण त्याच्या कानावर दुसऱ्या दिवशी आलं. फळीवरचा दगड कुणाचा, हे विचारलं तेव्हा मात्र त्यानं मान हलवली.

"ज्याचं त्याला ठाऊक, पोरी. ते विचारू नये."

"झुवेनाल काही बोलत नाही. त्यालाच विचारायला तुम्ही येता का चौकीत?"

म्हाताऱ्यानं तुंबडीत पाणी ओतलं. ओतताना काठावरून सांडलं, तरी तो ओततच होता.

"कधी हलवणार त्याला?"

"सोमवारी."

"म्हणजे मृतांच्या दिवसानंतर," आर्नो म्हणाला, आणि त्यानं तुंबडी पुढे केली. नोएलीनं ती घेतली. म्हाताऱ्याला कोंपाद्रेला भेटायचं धाडस होत नाही, असं तिला वाटलं. फाटकातून बाहेर पडताना तिला आत कुठेतरी मोटर सुरू झाल्याची घरघर ऐकू आली.

४

रुदिनेई बोर्दिन हा काकाच्या जिवावर उडणारा, पण तसा भित्रा. काका गेल्यावर कारखाना त्याच्याच हातात येणार होता, म्हणून नोएलीनं त्याला करवतखान्यातच बोलावलं. तो वाळलेल्या डागाकडे पाठ करून उभा राहिला.

पहिल्यांदा तो म्हणाला, मला काही माहीत नाही. मग टेबलावरच्या चकत्यांवर नोएलीनं बोट ठेवलं तेव्हा त्याच्या कपाळाला घाम फुटला. दुसऱ्याच्या फुलीच्या दगडाला गावातला एकही कापणारा हात लावणार नव्हता, म्हणून काकानं त्याला करवतीवर बसवलं होतं. फुलीही काकानंच ओल्या फडक्यानं पुसली होती. कुणाचा दगड ते त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर कापवला नसता. चार चकत्या काढून, पाचव्या कापाला करवत लावून तो पास्सो फुंदू शहराला निघून गेला. एवढा मोठा दगड करवत तासाभरापेक्षा जास्त वेळ खाते. काका म्हणाला, तू जा, गिऱ्हाइकाला जेवू घाल, मी बसतो इथे. त्या रात्री मांस भाजण्याच्या पंगतीत गिऱ्हाइकाच्या उजव्या हाताला तो बसला होता. अख्खी पंगत साक्षीला होती, आणि ती साक्ष नोएलीनं आधीच तपासली होती.

"म्हणजे तू गेलास तेव्हा करवत पाचव्या कापात होती."

"हो बाईसाहेब."

"आणि तो काप पुरा झाला." तिनं उरलेल्या गोट्याच्या गुळगुळीत तोंडावरून हात फिरवला. करवत मध्येच थांबवली तर तोंडावर पायरी उमटते. इथे पायरी नव्हती. मग तिचं बोट काठाशी थांबलं. तिथे ते अडायला हवं होतं, आणि अडलं नाही.

तिनं रुदिनेईच्या चार चकत्या उचलल्या. प्रत्येकीच्या काठाला, जिथे काप संपतो तिथे, नखाएवढा टवका उडालेला. पाचव्या कापाचा काठ मात्र साफ होता.

तिनं त्याला ढिगातला एक गोटा शिकंज्यात धरायला लावला. रुदिनेई कुरकुरला, पण लावला. दोघं वाट बघत उभे राहिले. करवत गुणगुणत दगडातून सरकत होती. काप संपत आला तशी चकती स्वतःच्याच वजनानं कलली आणि शेवटचा पापुद्रा तट् करून मोडला. तो आवाज अंगणापर्यंत गेला असेल. काठाला टवका उडाला तो उडालाच.

"हे असंच होतं," रुदिनेई म्हणाला. "शेवटच्या क्षणी हातानं चकती तोलून धरायला लागते. थोडी जास्त धरली तर करवत अडकते, थोडी कमी धरली तर मोडते. मला नाही जमत. काकालाही जमायचं नाही."

"कुणाला जमतं?"

नाव त्याच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून तो करवत बंद करायला वळला.

५

नोएली झुवेनालच्या कोठडीत गेली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. ताट समोर तसंच होतं. ती बाकावर बसली आणि त्याला प्रश्न विचारायच्या ऐवजी सांगायला लागली. तिला ते स्वतःच्या कानांनीही एकदा ऐकायचं होतं.

दगड तुझा नव्हता, ती म्हणाली. तुझा असता तर तू अंगणात भांडून गप्प बसला नसतास, उचलून घरी नेला असतास. तो ज्याचा होता त्याला कळू न देता तुला तो वाचवायचा होता. अंधार पडताना तू परत आलास, पुन्हा एकदा ओलावोला विनवायला. करवत चालू होती. तू खिडकीशी थांबलास, चौकटीला हात टेकलास. आत बघितलं नाहीस?

"काचेला तेलाचा थर असतो," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "दिसत नाही काही."

पण ऐकू येतं, ती म्हणाली. काप संपेपर्यंत तू उभा होतास. रुदिनेई असता, ओलावो असता, तर शेवटी तो तट् आवाज आला असता. झुवेनाल, तो आवाज आला का?

जांभळे हात त्याच्या मांडीवर होते. त्यानं ते काखेत दाबून धरले. नोएलीला तेवढं पुरलं. ओलावो मरून पडलेला असताना कुणीतरी त्याच्याशेजारी काप संपेपर्यंत उभा राहिला होता. करवत थांबवली असती तर दगडाच्या काळजावर पायरी उमटली असती म्हणून थांबवली नव्हती. शेवटी हात पुढे करून चकती अलगद झेलली होती. असं करणारा, आणि असं करता येणारा, गावात एकच माणूस होता.

आता तिला बाकीचंही आठवत गेलं आणि प्रत्येक आठवण तिला बोचली. कारखान्याला ओलावो गेल्यापासून कुलूप होतं, तरी आर्नोच्या नखांत घासणीची ताजी पूड होती. अंगणाच्या आत मोटर घरघरत होती. सोमवारी म्हटल्यावर तो काय म्हणाला होता? आणि थडग्यावरची ती राखेची चकती. ती राखेची नव्हतीच. गुलाबी होती. विकत मिळणारी कारखान्यातलीच गुलाबी चकती, जिचा रंग एका उन्हाळ्यात उडतो. निळा टिकतो, काळा टिकतो, गुलाबी टिकत नाही. गिऱ्हाइकाला सोडून सगळ्यांना हे माहीत असतं.

"उद्या तुला सोडेन," ती उठत म्हणाली.

"उद्या मृतांचा दिवस आहे," झुवेनाल म्हणाला. मग पहिल्यांदाच त्यानं वळून तिच्याकडे बघितलं. "दुपारी जा, बाईसाहेब. त्याला सकाळ द्या."

६

नोएली दुपारी गेली.

कबरस्तानात शेवंतीच्या फुलांचा खच पडला होता. प्रार्थना संपवून लोक पांगले होते. आर्नो एलॉयच्या थडग्याच्या कठड्यावर, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. जुनी चकती काढून खाली टेकवलेली. तिच्या जागी नवी बसवली होती. मधाचं वलय, भोवती दुधी कडी, काठाला निळसर राखाडी, आणि ती अशी चमकत होती की आकाश तिच्यात दिसत होतं. नोएलीनं गोणपाटातून उरलेला अर्धा गोटा काढून शेजारी ठेवला. लावून बघायची गरज नव्हती. कड्याला कडं, रेघेला रेघ, दोन्ही तोंडं एकच होती.

"ये पोरी," आर्नो म्हणाला. "मी येणारच होतो. उन्हं कलली की येणार होतो."

मग तो स्वतःच बोलला, हळूहळू. पोर गेलं तेव्हा आपला दगड कापायला त्याचा जीव झाला नव्हता, पण रोज सुटी झाली की घरी जाण्याआधी तो फळीकडे एक नजर टाकायचा. त्या दिवशी जागा रिकामी दिसली आणि दारामागून करवतीचा आवाज आला. आत ओलावो एकटा बसला होता. दगड शिकंज्यात, करवत काळजाशी पोचलेली. आर्नोनं विनवलं. चार चकत्या गेल्या त्या गेल्या, पण ही एक मला दे, पोराच्या थडग्यावरची विटली आहे, म्हणाला. त्यावर ओलावो हसला होता.

"म्हणाला, विटली तर दुसरी गुलाबी ने, फुकट देतो. मेलेल्याला काय, कुठलाही रंग चालतो." आर्नोनं टोपी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "मी ढकललं. मारायचं म्हणून नाही. पण ढकललं जोरात, हे खोटं कशाला सांगू? तो उठला नाही. मी वाकून बघितलं, हाका मारल्या. गेला होता. आणि मागे करवत चाललेलीच होती."

"तुम्ही बंद केली नाहीत."

"बटणावर हात ठेवला होता. मग वाटलं, थांबवली तर तिच्यावर कायमची रेघ पडेल. इतकं सगळं झालं, आणि दगडही वाया जाणार." त्यानं नव्या चकतीकडे बघितलं. "उभा राहिलो. त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो, पोरी. असा माणूस आहे मी."

नोएलीला त्याचा राग यायला हवा होता, आणि आलाही. पण तो ओलावोसाठी नव्हता. तिनं त्याला विचारलं की झुवेनालचं काय. ज्यानं तुमच्या पोराला मांडीवर घेतलं, तो कोठडीत उपाशी बसलाय, हे माहीत असताना तुम्ही घासणीवर बसून चकती चमकवत होतात?

पुरावा नाही म्हणून सोडतील असं आधी वाटलं, म्हातारा म्हणाला. मग वाटलं, फक्त शनिवारपर्यंत. एकदा ही इथे बसवली की जाऊन सांगू. घरच्या लहान घासणीवर घासायची म्हणजे वेळ लागतो. रोज सकाळी वाटायचं, आज जावं, आणि रोज थोडं काम उरायचं.

"चला काका," नोएली म्हणाली. चकतीला तिनं हात लावला नाही. पुराव्याला अर्धा गोटा होता, तेच तोंड त्याच्यावर होतं.

चौकीच्या बोळात दोघांची गाठ पडली. झुवेनालला हवालदार बाहेर सोडत होता, बायको दारात त्याचा कोट घेऊन उभी होती. आर्नोला बघून तो थांबला. आर्नोनं टोपी काढून हातात घेतली.

"आवाज आला नाही," झुवेनाल म्हणाला. "खिडकीशी उभा होतो. काप संपला आणि आवाज आला नाही, तेव्हाच कळलं तू आहेस. बरं वाटलं मला. वाटलं, मालकानं मानलं, दगड तुला परत दिला. सकाळी पोलीस घरी आले तेव्हा बाकीचं कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?" आर्नोनं विचारलं.

"तू सांगशील म्हणून." झुवेनालनं कोटाच्या बाहीत हात घातला, दुसरी बाही त्याला सापडेना, बायकोनं ती धरली. "मोठ्या तुरुंगातसुद्धा गेलो असतो, कोंपाद्रे. तू येऊन एकदा सांगितलं असतंस, की मला चार दिवस हवेत, तर आनंदानं बसलो असतो. तू आलाच नाहीस. दार वाजलं की मी बघायचो."

एवढं बोलून तो निघून गेला. आर्नो भिंतीला टेकून खाली बसला. पोरगा गेला तेव्हा हा माणूस रडला नव्हता, गावानं त्याचं कौतुक केलं होतं. आता तो चौकीच्या बोळात जमिनीवर बसून मोठ्यानं रडला, आणि त्याला कुणी उठवलं नाही.

संध्याकाळी नोएली आईला आणायला कबरस्तानात गेली. एलॉयच्या थडग्याशी झुवेनाल उभा होता. दिवसभराच्या वाऱ्यानं नव्या चकतीवर माती बसली होती. त्यानं बोट पुढे केलं, जांभळ्या बोटाकडे बघितलं आणि मागे घेतलं. मग खिशातून रुमाल काढून त्यानं तो हाताला नीट गुंडाळला आणि चकती पुसली.